चांदीचा फोम कधी लावायचा आणि कधी थांबवायचा

मागच्या वेळी आपण मधुमेह आणि पायाच्या नसा यांवर बोललो होतो. ते व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत दहा ड्रेसिंगांचं खोकं. त्यांच्या आईच्या घोट्याजवळ जखम आहे, पाच महिने झाले भरत नाही, आणि कुणीतरी सांगितलं की साधी पट्टी सोडा, 'चांदीवाला फोम' लावा. किंमत बघून त्या बिचकल्या होत्या, पण घेऊन आल्या होत्या. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "हे लावलं की भरेल ना?" आम्ही उभ्याउभ्या त्यांना जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. घरी जाताना गाडीत आम्ही त्यावरच बोलत होतो. म्हणून आज तेच उत्तर नीट देतो.

आम्ही रोज जखमा बघणारी माणसं आहोत आणि जंतुविरोधी फोम ड्रेसिंग आम्ही वापरतो, हे आधीच सांगून टाकतो. चीज चांगली आहे. पण ती पुष्कळदा नको तिथे लागते, आणि जिथे हवी तिथे नको तितके दिवस लागते. दोन्ही वेळा नुकसान पैशाचं होतं असं वाटतं. खरं नुकसान वेळेचं असतं. पायाच्या जखमेत वेळ गेला की कधीकधी पाय जातो.

आधी फोम बाजूला ठेवू आणि खपलीबद्दल बोलू. आपल्याकडे जखम झाली की घरातलं वडीलधारं माणूस काय सांगतं? "उघडी ठेव, हवा लागू दे, वाळू दे." खपली धरली म्हणजे जखम बरी व्हायला लागली, अशी आपली पक्की समजूत. खरचटलं, बारीक कापलं, तर काही बिघडत नाही, ते कसंही बरं होतं. पण मोठ्या किंवा जुन्या जखमेत खपली हा अडथळा असतो. नवीन त्वचेच्या पेशी कडेकडून आत सरकत येतात, आणि त्यांना सरकायला ओल लागते. वर वाळलेली खपली असली तर त्यांना तिच्या खालून, ओल सापडेपर्यंत खोल जाऊन, वाट काढावी लागते.

हे जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने १९६२ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं. त्याने डुकराच्या अंगावर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने चढली. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते म्हणून डुक्कर. पुढच्याच वर्षी माणसांवर तसाच प्रयोग झाला आणि तेच दिसलं. या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली, तरी आमच्याकडे येणारी निम्मीशिम्मी मंडळी आजही "डॉक्टर, जरा उघडी ठेवू का?" असं विचारतातच. आम्हाला राग येत नाही, कारण आमच्या स्वतःच्या घरातही हेच विचारतात.

ओल राखण्यासाठी महागडं काही लागतं असंही नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली आणि १९८५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची ड्रेसिंग तपासली. त्यावरचे लेख २००३ चे आहेत. साल काय, पान काय, दोन्ही जखमेला चिकटत नाहीत आणि ओल टिकवतात. अर्थात ती निर्जंतुक करून वापरलेली होती, स्वयंपाकघरातून उचलून थेट जखमेवर नाही. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या आमच्या नावावर बटाटे सोलले जातील.

आता साध्या गॉजचं काय होतं ते बघा. कापसाची जाळी, सलाईनमध्ये भिजवून जखमेत ठेवली. चार-सहा तासांत ती वाळते, जखमेतल्या लसीला धरून कडक होते. दुसऱ्या दिवशी सिस्टर ती ओढतात, रुग्ण ओरडतो, आणि रक्त येतं. पूर्वी त्याला "जखम साफ झाली" असं म्हणायचे. प्रत्यक्षात त्या जाळीबरोबर कालची कोवळी त्वचाही निघून आलेली असते. रोज भिंत बांधायची आणि रोज पाडायची, असा तो प्रकार. दुखतं म्हणून रुग्ण ड्रेसिंग चुकवतो, ते वेगळंच.

फोम आला तो या अडचणीवर. पॉलियुरेथेन म्हणजे गादीत आणि सोफ्यात असतो त्याच घराण्यातला पदार्थ, फक्त हा पाणी शोषून घेणारा आणि निर्जंतुक. साधारण तीन थर असतात. जखमेला टेकणारा थर, काही प्रकारांत त्यावर मऊ सिलिकोन असतं, त्यामुळे काढताना त्वचा सोलत नाही. मध्ये बारीक पोकळ्यांचा फोम, तो लस उचलतो आणि धरून ठेवतो. बाहेरून एक पातळ पापुद्रा. या पापुद्र्यातून बाहेरचं पाणी आणि जंतू आत येत नाहीत, पण आतली वाफ बाहेर जाते. हे वाफेचं जाणं फार महत्त्वाचं. जखम सुकू द्यायची नाही आणि डबकंही होऊ द्यायचं नाही, ही कसरत तो पापुद्रा करतो. जखमेच्या कडेची त्वचा सतत ओली राहिली की ती पांढरी, फुगीर, भजं पाण्यात टाकल्यासारखी होते, आणि मग जखम वाढते.

एवढं सगळं साधा फोम करतो. त्यात औषध काहीच नाही. जास्त लस येणाऱ्या जखमेला बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

जंतुविरोधी फोममध्ये यात भर पडते ती चांदीची किंवा पीएचएमबी नावाच्या रसायनाची. दुसरेही एक-दोन पदार्थ मिळतात, पण आपल्याकडे मुख्यतः हे दोन. चांदीची गोष्ट जुनी. जर्मनीत लाइपझिगला कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मतः होणारा डोळ्यांचा संसर्ग, ज्यातून मुलं आंधळी व्हायची, तो एकदम कमी झाला. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. भाजलेल्या रुग्णांना लावतात ते पांढरं मलम. ते आजही जळीत कक्षात असतं.

चांदीचा तुकडा जंतूला काही करत नाही. ओल लागल्यावर त्यातून सुटणारे चांदीचे आयन काम करतात. ते जंतूच्या आवरणाला चिकटतात, आत शिरतात, त्याच्या विकरांना निकामी करतात, त्याच्या डीएनएलाही धरतात. एकाच वेळी चार ठिकाणी मार बसतो, म्हणून प्रतिजैविकाला जंतू जितक्या सहज सरावतात तितक्या सहज चांदीला सरावत नाहीत. अजिबात सरावत नाहीत असं मात्र नाही. चांदीला दाद न देणाऱ्या जंतूंमधली जनुकंही सापडलेली आहेत. म्हणून ती जपून वापरायची.

पीएचएमबी हे क्लोरहेक्सिडीनच्या नात्यातलं. पोहण्याच्या तलावात आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणातही ते वापरतात. त्याच्यावर धन भार असतो, जंतूच्या आवरणावर ऋण, त्यामुळे ते जाऊन बिलगतं आणि आवरण फोडतं. काही फोममध्ये हे रसायन बाहेर सुटतच नाही. लसीबरोबर जे जंतू फोममध्ये शोषले जातात ते तिथेच मरतात. चांदीच्या फोममध्येही असा फरक असतो: काही आयन जखमेत सोडतात, काही जवळ ठेवतात. खोक्यातल्या कागदावर हे लिहिलेलं असतं. तो कागद आम्ही वाचतो, तुम्हीही वाचा.

आता मुख्य मुद्दा. जखमेत जंतू आहेत म्हणून चांदी लावायची का? प्रत्येक उघड्या जखमेत जंतू असतातच. तुम्ही आत्ता कुठल्याही जुन्या जखमेचा बोळा घेऊन लॅबला पाठवा, काहीतरी उगवणारच. रिपोर्टवर लाल अक्षरात जंतूचं लांबलचक नाव येतं आणि घरचे घाबरतात. पण जंतू असणं वेगळं आणि संसर्ग होणं वेगळं. अंगणात चार कावळे आले म्हणजे घरात चोर शिरला असं होत नाही. जंतू वाढायला लागले, शरीर त्यांच्याशी झगडायला लागलं आणि जखमेचं भरणं थांबलं, की मग स्थानिक संसर्ग म्हणतात. त्यापुढे तो आजूबाजूच्या मांसात पसरतो, आणि त्यापुढे रक्तात.

जंतुविरोधी फोमची जागा या साखळीत बरोबर मधली आहे. नुसते जंतू आहेत तिथे तो नको. स्थानिक संसर्ग आहे तिथे हवा. पसरला असेल तर फोम एकटा पुरणार नाही, तिथे पोटातून किंवा शिरेतून प्रतिजैविक लागतं आणि बहुधा पू मोकळा करावा लागतो.

मग स्थानिक संसर्ग ओळखायचा कसा? जखम भरत होती आणि अचानक थबकली. लस वाढली, कालपर्यंत दोन दिवस पुरणारं ड्रेसिंग आज सकाळीच ओलं. वास यायला लागला. तळाचे मांसांकुर दाणेदार गुलाबी असतात ते भडक लाल झाले, नुसतं पुसलं तरी रक्त येतं. न दुखणारी जखम दुखायला लागली. कडेला छोटे कप्पे पडायला लागले. यातलं एकच चिन्ह असेल तर आम्ही थांबतो, बघतो. दोन-तीन एकत्र दिसली की चांदी किंवा पीएचएमबी. आणि जखमेभोवतीची लाली दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली, सूज चढली, ताप किंवा थंडी वाजली, पायावर लाल रेघ वर सरकताना दिसली, काळं पडलं, तर फोम शोधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर ताप न येताही आत पू असू शकतो. नुसती साखर विनाकारण वाढली, हेही एक चिन्ह असतं.

जुन्या जखमांत आणखी एक भानगड असते, तिला बायोफिल्म म्हणतात. नदीतल्या दगडावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, तसा जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात राहतात. या थराखाली औषध पोचत नाही. फोम वरून लावला तरी तो वरवरच काम करतो. म्हणून आधी जखम खरवडून साफ करावी लागते, कुजलेलं मांस काढावं लागतं, आणि मग लगेच जंतुविरोधी ड्रेसिंग, थर पुन्हा धरायच्या आत. घरी ज्यांनी नुसतेच महागडे फोम एकावर एक लावले आणि काही झालं नाही असं म्हणतात, त्यांच्या जखमा बघितल्या की पुष्कळदा पिवळट थर तसाच असतो. भिंतीला ओल आहे आणि वरून रंग मारतो आहोत.

आता थांबवायचं कधी? यावर जाणकारांनी मिळून एक साधा नियम केला आहे: दोन आठवडे. २०१२ मध्ये चांदीच्या ड्रेसिंगबद्दल आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं एक मत प्रसिद्ध झालं, त्यात हाच कालावधी धरलेला आहे. दोन आठवड्यांनी बघायचं. संसर्गाची चिन्हं गेली, तर चांदी बंद करून साधा फोम. सुधारतंय पण चिन्हं शिल्लक आहेत, तर आणखी थोडे दिवस. काहीच फरक नाही, तर चांदी बदलून भागणार नाही, निदान पुन्हा तपासायचं. आम्ही पहिल्या ड्रेसिंगच्या दिवशीच केसपेपरवर दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवतो. नाहीतर काय होतं, एकदा लावलेली गोष्ट काढायला कुणाचं मन धजत नाही.

"पण लावून ठेवली तर लवकर तर भरेल?" हा प्रश्न येतोच. इंग्लंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाच्या शिरा फुगून झालेल्या जखमांचे २१३ रुग्ण, सगळ्यांना दाबपट्टी, निम्म्यांना आत चांदीचं ड्रेसिंग, निम्म्यांना बिनचांदीचं. बारा आठवड्यांनी पूर्ण भरलेल्या जखमांच्या प्रमाणात लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. खर्चात मात्र होता. मधुमेही पायासाठी जो आंतरराष्ट्रीय कार्यगट मार्गदर्शक सूचना काढतो, त्यानेही २०२३ च्या सूचनांत जखम भरावी एवढ्याच हेतूने जंतुविरोधी ड्रेसिंग वापरू नका असं सांगितलं आहे. चांदी जंतू कमी करते, त्वचा उगवत नाही.

त्या इंग्लंडच्या अभ्यासातली दाबपट्टी विसरू नका. घोट्याजवळच्या त्या जखमा भरण्यामागे सर्वांत मोठा वाटा तिचा. शिरांमधलं रक्त खाली साचतं, घोटा सुजतो, त्वचा काळवंडते, खाज सुटते, फुटते. वरून पट्टीने दाब दिल्याशिवाय कुठलाही फोम लावा, जखम रेंगाळते. तळव्याच्या जखमेला हाच नियम वेगळ्या तऱ्हेने लागू पडतो, तिथे दाब काढावा लागतो. पॉल ब्रँड यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. स्वातंत्र्याच्या सुमारास ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर त्यांनी आयुष्य घालवलं. कुष्ठरोगाने मांस झडतं अशी समजूत होती. ब्रँड यांचं म्हणणं, पाय बधिर आहे, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि म्हणून ती भरत नाही. त्यांनी पायाला पूर्ण चिकटून बसणारं प्लास्टर घालून वजन पसरवलं आणि वर्षानुवर्षांच्या जखमा भरल्या. पुढे अमेरिकेत मधुमेही पायांसाठी तेच तंत्र पसरलं. आज आमच्याकडे तळव्याला चांदीचा फोम लावून, वर पातळ रबरी चप्पल घालून, बसला उभं राहून आलेली माणसं येतात. पाच-पंचवीस रुपयांचं गॉज असतं तरी चाललं असतं, त्या पायावरचा भार काढला असता तर.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. साठीतले एक गृहस्थ, गॅरेजमध्ये काम करणारे, पायाच्या दुसऱ्या बोटावर जखम. मधुमेह नव्हता. विडीचं व्यसन जुनं. जखमेच्या तळाशी पिवळा थर, थोडा वास. आम्ही साफ केली, चांदीचा फोम लावला. पुढच्या आठवड्यात वास कमी, आम्ही खूश. पुन्हा फोम, मग पुन्हा. सात आठवडे असेच गेले. दर वेळी ड्रेसिंग स्वच्छ निघायचं आणि जखम तेवढीच असायची. आमच्या सिस्टरनी एकदा सहज विचारलं, "काका, रात्री झोप लागते का?" ते म्हणाले, पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की लागते, वर घेतला की ठणकतो. हे ऐकल्यावर आम्ही पायाची नाडी बघितली. पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. लागतच नव्हती. पायाकडे रक्तच पोचत नव्हतं. रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं, त्यांनी फुगा घालून वाहिनी मोकळी केली, पाय वाचला. दोन बोटं गेली. ती सात आठवड्यांपूर्वी वाचली असती का, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आम्ही त्या सात आठवड्यांत चांदीकडे बघत बसलो होतो.

तेव्हापासून आमच्याकडे फोमचं पाकीट फोडायच्या आधी पायाची नाडी बघितली जाते, नाही लागली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतो. ते ०.८ च्या खाली असेल तर घट्ट दाबपट्टीही बांधत नाही, ती उलट घात करते. मधुमेहात वाहिन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटा चांगला येऊ शकतो. तिथे डॉपलर करून घेतो.

बरं, लावायचा कसा. जखम आधी सलाईननं धुवायची. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण तो नव्या पेशींनाही मारतो, आणि पेरॉक्साइड किंवा ब्लीचच्या जातीचं द्रावण राहिलं तर फोमचाही भुगा होतो. भोवतालची त्वचा टिपून कोरडी करा, नाहीतर कडा चिकटणार नाहीत. फोमखाली मलम, व्हॅसलिन, प्रतिजैविकाची पावडर असं काहीही घालू नका. तेलकट थराने फोमची छिद्रं बुजतात. ती पावडर मारायची सवय तर मुळातूनच सोडा. तिचे गोळे होतात, त्यांच्याखाली जखम दिसत नाही, आणि जंतू त्या औषधाला सरावतात.

आकार जखमेपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोठा हवा. बिनकडेचा फोम कात्रीने कापता येतो, कात्री निर्जंतुक असेल तर. चिकट कडा असलेला मात्र कापू नका. कुठली बाजू खाली, हे बघून घ्या. उलटा लावलेला फोम आम्ही काढला आहे, पापुद्रा जखमेवर आणि स्पंज वर. लस कुठे जाणार? सगळी कडेने वाहत होती. खोल खड्डा असेल तर आत भरायचं वेगळं साहित्य मिळतं, फोम नुसता वरून झाकला तर खाली पोकळी राहते आणि तिथे पू साठतो.

बदलायचा कधी? रोज उघडून बघायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी उघडली की जखम थंड पडते आणि पेशींचं काम मंदावतं. वरून डाग दिसतो, तो पसरत कडेपासून एक-दीड सेंटीमीटरवर आला की बदला. संसर्ग असेल तेव्हा सुरुवातीला दोन-तीन दिवसांत बदलावा लागेल, पुढे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुतेक फोमना ती सात दिवस असते. चांदीने त्वचेवर करडा डाग पडू शकतो. ते गँगरीन नाही, पण शंका आली तर दाखवा. एमआरआयच्या आधी चांदीचं ड्रेसिंग काढतात, रेडिएशन चालू असेल तिथेही लावत नाहीत. चांदीची ॲलर्जी असेल तर प्रश्नच नाही. कोरड्या जखमेवर आणि टणक काळ्या खपलीवर फोमचा उपयोग नाही, त्याला शोषायला तिथे काही नसतंच.

आता श्रोत्यांच्या चिठ्ठ्या घेतो.

पहिली: हळद चालेल का? हळदीवर आमचंही प्रेम आहे. जखम भरण्यासाठी हळद, यावर अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही लढाई हे ज्ञान आधीपासून कोणाकडे होतं याची होती. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचा लगदा जखमेत बसतो, आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही. बोट कापलं तर लावा, आम्ही पण लावतो. मधुमेहाच्या पायात नको.

दुसरी: अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या माकडहाडावर त्वचा लाल झाली आहे, चांदीचा फोम लावू का? त्वचा फुटलेली नसेल तर चांदीचं काहीच काम नाही. तिथे साधा, सिलिकोनचा बहुथरी फोम लावला तर घर्षण आणि दाब थोडा कमी होतो, शय्याव्रण टाळायला त्याचा फायदा दिसलेला आहे. पण कूस बदलणं, टाच उशीवरून अधांतरी ठेवणं, ओली चादर लगेच बदलणं, हे सोडून फक्त फोम लावाल तर उपयोग नाही. आणि करणाऱ्याची पाठ मोडते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून रात्रीची पाळी घरात वाटून घ्या.

तिसरी खर्चाची आहे. साधा फोम गॉजपेक्षा महाग, चांदीचा त्याहून महाग, हे खरं. पण रोजच्या गॉजचा हिशेब करताना रिक्षाचं भाडं, ड्रेसिंगची फी आणि बरोबर येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजंदारी धरा. आठवड्यातून दोनदा बदलायचा साधा फोम कधीकधी स्वस्त पडतो. परवडतच नसेल तर सांगायला लाजू नका. सलाईनचं ओलं गॉज, वर न चिकटणारी जाळी, असं करूनही जखमा भरतात, जर दाबाचं आणि रक्तपुरवठ्याचं काम नीट झालं असेल.

शेवटची चिठ्ठी त्या पिशवीवाल्या ताईंचीच आहे, त्या आज आल्या आहेत. आईच्या घोट्याची नाडी लागते, आता दाबपट्टी चालू आहे, संसर्ग नाही, साधा फोम लावतात. विचारतायत की चांदीच्या खोक्यातले आठ उरलेत त्यांचं काय करू. ताई, पाकिटं सीलबंद असतील तर कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा, वरची तारीख संपेपर्यंत ती चालतात. आईची जखम पुन्हा वास मारायला लागली, लस वाढली, तर आमच्याकडे घेऊन या, त्यातलीच वापरू, नवीन घ्यायला नको. पण एक पाकीट तुम्ही अर्धं कापून उरलेला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे असं लिहिलंय. तो तुकडा टाकून द्या.